शेवटची पायरी

भाची : थांब, थांब. सिनेमा जरा मागे घे, आत्या. खांबाजवळ टाइप करत बसलेली ती पाठमोरी बाई... ती तू आहेस?

आत्या : मीच. वेणी बघ ना. तेव्हा केस होते मला.

आतोबा : बघा सरकार, तुमची आत्या सिनेमात काम करून बसलीय, आणि नवऱ्याला आजवर साधी सही दिली नाही.

आत्या : लग्नाच्या कागदावर दिली ती कुणाची होती?

भाची : मला वाटलं होतं, फक्त तुमच्या ऑफिसात शूटिंग झालं. तू स्वतः आहेस हे कुणी बोललंच नाही कधी.

आत्या : बोलायचं काय त्यात? सुट्टीच्या दिवशी ऑफिस मागून घेतलं होतं त्यांनी. आम्हाला म्हणाले, ज्यांना यायचंय त्यांनी या आणि मागे बसून रोजचं काम करत राहा. मी खरंच काम केलं. विम्याची पत्रं तुंबली होती, ती हातावेगळी केली.

भाची : पण पाठमोरी का?

आत्या : कारण मला हसू येत होतं. दिग्दर्शक येऊन म्हणाला, बाई, हसू नका, तुम्ही इथे गुदमरताय. मी म्हटलं, मी कशाला गुदमरू? डोक्यावर पंखा आहे की. बिचाऱ्याने गोडीत सांगून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी खुर्चीच फिरवली.

आतोबा : खिडक्यांचं सांग तिला.

आत्या : हां, खिडक्या. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, दोन्ही बाजूंनी खिडक्या. उजेड इतका, की दुपारी कागदावर डोळे ठरायचे नाहीत. त्या सगळ्या खिडक्यांना त्यांनी काळं कापड ठोकलं. कुंड्या उचलून जिन्यात ठेवल्या. आणि धूळ! डबाभर धूळ घरून आणली होती त्यांनी. फायलींवर टाकली ते ठीक, माझ्या मशीनवरही टाकली. रोज सकाळी पुसून घ्यायचे मी ते, आणि त्याच्यावर हा मेला मूठभर धूळ टाकून म्हणतो, आता कसं खरं वाटतंय!

भाची : म्हणजे खोटंच की सगळं. आणि आमच्या ग्रुपवर सगळे या सिनेमावर इतके खूश आहेत. नवी प्रिंट आल्यापासून रोज कुणीतरी लिहितं, ऑफिसवरचा इतका खरा सिनेमा परत झाला नाही म्हणून.

आतोबा : खोटा कसा? मला तर कापड लावायच्या आधीपासूनच तिथे अंधार दिसायचा.

आत्या : तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात.

आतोबा : टेबलच तसं होतं!

आत्या : फिरवून घ्यायचं. मी विचारलं होतं साहेबांना, ते म्हणाले फिरवा. तुम्हीच म्हणालात, राहू दे.

आतोबा : माणसाला एकदा भिंत पाठ झाली, की टेबल फिरवायचंही सुचत नाही. तुला नाही कळायचं ते.

भाची : भांडू नका हो. मला सांगा, तुम्हाला आज बघताना काय वाटतंय? म्हणजे हा सिनेमा आता चालतो का? मला खरंच कळत नाहीये. अर्धा वेळ मला यातल्या नायकाचा रागच आला. बाबा रे, तुला रडायला झालंय काय? स्वतःचं टेबल आहे, खुर्ची आहे. पाच वाजले की घंटा होते आणि तू सुटतोस. घरी गेल्यावर ऑफिस तुझ्या मागे येत नाही. साहेब ओरडतो, तर निदान समोर येऊन ओरडतो.

आतोबा : तुमचा साहेब नाही ओरडत?

भाची : मला आकडा येतो. सकाळी स्क्रीन उघडली की वर लिहिलेलं असतं, कालचे तुझे गुण बहात्तर.

आतोबा : वा! आमच्या वेळी पहिला वर्ग होता हा.

भाची : ऐंशीच्या खाली लाल रंगात येतो. मी मॅनेजरला विचारलं, बहात्तर का? ती म्हणाली, मलाही माहीत नाही, माझे अडुसष्ट आलेत.

आत्या : मग ठरवतं कोण?

भाची : मशीन. फोनवर किती गिऱ्हाइकांशी बोललीस, किती वेळ गप्प होतीस, आवाजात हसू होतं का...

आत्या : हसू असलं तर चांगलं की वाईट?

भाची : चांगलं! गुण मिळतात त्याचे.

आत्या : बघा. मला खुर्चीसकट फिरवलं, आणि हिला त्याचे गुण मिळतात.

भाची : हसू नकोस गं. तर म्हणून मला राग येत होता याचा. आणि मग तो मधला प्रसंग आला. शिक्के मारता मारता त्याचा हात वरच थांबतो, आणि तो स्वतःच्याच हाताकडे बघत राहतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तिथे मी माझ्याच हाताकडे बघितलं. मग कळेना, जुना झालाय की नाही झालाय.

आत्या : फोन वाजतोय तुझा.

भाची : वाजू दे.

आत्या : मघापासून वाजतोय. कामाचा असेल.

भाची : सुट्टी घेतलीय मी. आतोबा, मला तुमची गोष्ट ऐकायचीय. बाबा नेहमी सांगतात, आमचे मेहुणे सिनेमा बघून नोकरी सोडून आले. खरं आहे का?

आतोबा : तुझ्या बाबाला सगळं ऐकीव माहीत. पण खरं आहे.

आत्या : सांगा आता सगळं. नायकासारखं नका सांगू पण.

आतोबा : सिनेमा लागला तेव्हा अख्खं ऑफिस बघायला गेलं. आपलं टेबल दिसलं की लोक शिट्ट्या मारत होते. मी मात्र घरी येऊन जेवलो नाही. तो शेवट डोक्यात बसला होता. तो टेबलाखाली बूट काढतो, नीट जोडून ठेवतो, आणि अनवाणी जिना उतरतो. आठवडा गेला असेल, साहेबांनी एक तक्ता तिसऱ्यांदा परत पाठवला. मी तक्ता बाजूला ठेवला. खाली वाकलो आणि बूट काढले.

भाची : मग?

आतोबा : सिनेमात सगळं ऑफिस मान वर करून बघतं की नाही? इथे कुणी बघितलंच नाही. शेजारच्याने तेवढं विचारलं, बूट चावतो का रे? मी म्हटलं, हो.

भाची : आई गं!

आतोबा : मग जिना उतरलो. एकेक पायरी, त्याच्यासारखाच, सावकाश. छाती भरून आली होती. खाली आलो. सिनेमा संपतो तो त्या शेवटच्या पायरीवर. माझ्यापुढे रस्ता होता, दुपारची वेळ, डांबर तापलेलं. दोन पावलं टाकली आणि उड्या मारत समोरच्या बंद दुकानाच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. ना पुढे जाता येई, ना मागे.

आत्या : बगळ्यासारखे. एक पाय वर, एक खाली.

भाची : तू बघितलंस?

आत्या : खिडकीतून. तेव्हा आमचं काही ठरलेलं नव्हतं हं. मी आपली खाली चहाला निघाले होते.

आतोबा : माझे बूट काखेत मारून चहाला?

आत्या : वाटेत होते, घेतले. दिले यांना, आणि म्हटलं, घाला आधी. वर यायचं असेल तर या, अजून कुणाला काही कळलेलं नाही.

भाची : आणि आले नाहीत.

आतोबा : नाही. बूट घातले आणि दुसऱ्या बाजूने निघून गेलो. ही वर गेली.

भाची : तुला नाही वाटलं, आपणही जावं?

आत्या : मी कशाला जाऊ? मला आवडायचं काम. खरं सांगतेय. एवढं मोठं पत्र, एकही खाडाखोड नाही, चारी बाजूंना समास सारखा, असं पान मशीनमधून खेचून काढताना काय बरं वाटायचं! दमायचे मी. चिडायचे. साहेबाला मनातल्या मनात असं काही बोलायचे की इथे सांगता येणार नाही. पण ते पान हातात आलं की दिवस सत्कारणी लागायचा. या सिनेमात तसं एकही माणूस नाही. सगळे आपले प्रेतासारखे बसलेत. म्हणून मला नाही पटला तेव्हा, आणि आजही नाही.

आतोबा : आणि मला आजही पटतो. हे बघ, सोडल्यावर काही सोनं नाही लागलं हाताला. बरेच दिवस घरात बसलो, हिच्या पगारावर चहा प्यायलो, मग मोटार शिकवायला लागलो. तीच चार वळणं, तोच चढ, शेजारी दरवेळी नवा माणूस क्लच सोडून गाडी बंद पाडणार. कंटाळा तिथेही येतो. पण तो कंटाळा माझा होता.

आत्या : हे वाक्य लग्नापासून ऐकतेय मी.

भाची : मग खरं कुणाचं? दोघंही त्याच खोलीत होतात तुम्ही.

आतोबा : तीच तर गंमत आहे. दोन हातांवर टेबलं होती आमची.

भाची : आतोबा, आज तीच वेळ आली, तर परत कराल तसं?

आतोबा : थांब, शेवट बघू आधी. तो सिनेमा त्यानंतर मी परत पाहिलेला नाही. आज पहिल्यांदा बघतोय.

आत्या : खरंच की काय? टीव्हीवर लागायचा की मधूनमधून.

आतोबा : मी बाहेर जायचो तेव्हा. लाव पुढे.

(सिनेमा पुढे सुरू होतो. शेवटची पायरी येते.)

भाची : आतोबा? काय झालं?

आतोबा : किती लहान आहे गं हा!

भाची : कोण, नायक?

आतोबा : पोरगं आहे. नीट मिसरूड नाही फुटलेली. तेव्हा मला केवढा मोठा वाटला होता! वाटलं, काय बहाद्दर गडी, कुणाला न जुमानता निघाला. आज बघतोय तर नुसता घाबरलाय. जिना उतरताना कठड्याला कसा धरतोय बघितलंस? मला तेव्हा ते दिसलंच नव्हतं.

आत्या : मलाही नाही दिसलं.

आतोबा : आणि अख्ख्या सिनेमात त्याला एकाने विचारलं नाही गं, काय होतंय तुला म्हणून. साहेब विचारतो, काम झालं का. आई विचारते, पगार झाला का. ती पोरगी विचारते, लग्न कधी. हा आपला सगळ्यांना उत्तरं देतोय.

भाची : तुम्हाला विचारलं होतं कुणी?

आतोबा : हिने. त्या दुकानापाशी. बूट घातले मी, नाडी बांधायला वाकलो, तेव्हा विचारलं. मग मी जो बोलत सुटलो, तो हिची चहाची सुट्टी संपली तरी थांबलो नाही.

आत्या : निम्मं काही कळलं नाही मला. पण ऐकून घेतलं.

भाची : हे कुणी नाही सांगितलं मला. बाबा फक्त बूट काढले तिथपर्यंतच सांगतात.

आत्या : पुन्हा वाजतोय तुझा फोन. कोण आहे?

भाची : मॅनेजर.

आत्या : सुट्टी घेतलीस ना? मग कशाला करतेय ती?

भाची : आत्या, मी सुट्टी नाही घेतलेली.

आत्या : मग?

भाची : सोमवारपासून मी लॅपटॉप उघडलाच नाहीये. घरी दार लावून बसते. आईला वाटतं मीटिंग चालू आहे, बाहेरून चहा ठेवून जाते. ऑफिसला आधी सांगितलं, नेट गेलंय. मग सांगितलं, ताप आलाय. मग सांगणंच बंद केलं. आज घरी म्हटलं, ऑफिसात बोलावलंय, आणि इथे आले.

आतोबा : राजीनामा द्यायचाय का तुला?

भाची : राजीनामा द्यायला पण लॅपटॉप उघडावा लागतो, आतोबा. मला त्याला हातच लाववत नाही. आणि देऊन तरी काय? तुम्हाला निदान जिना होता उतरायला. मी खोलीतून उठून त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाणार.

आतोबा : अगं, पण आम्हाला...

भाची : मला वाटलं होतं, हा सिनेमा लावू. तुम्ही म्हणाल, सोड. आत्या म्हणेल, सोडू नकोस. तुमचं भांडण होईल, आणि त्यातून मला काहीतरी ठरवता येईल.

आत्या : ते नंतर. आधी तो फोन घे. बाकी काही बोलू नकोस, बरं नाही एवढं खरं सांग. तीही कुणीतरी बाईमाणूसच आहे ना?

भाची : तू धर हात. ...हॅलो. हो, मीच. ...नाही, ताप नाहीये. ताप नव्हता. पण बरं नाहीये मला, ते खरं आहे. ...नाही. नाही हो, तुमच्यामुळे नाही. खरंच नाही. ...नाही, मी एकटी नाहीये, आत्याकडे आहे. ...हो. संध्याकाळी करते मी. ...करीन, नक्की करीन. ठेवते.

आतोबा : ओरडली?

भाची : नाही. विचारत होती, माझं काही चुकलं का म्हणून. रडत होती बहुतेक.

आतोबा : अडुसष्टवाली का ही?

भाची : हो. तीच.

आत्या : घे, पाणी पी. सगळं पी. ...हं. आता सांग, काय होतंय तुला?

भाची : कुठून सांगू, तेच कळत नाही.

आतोबा : टीव्ही बंद करू का मी?

आत्या : करा. आणि तू सकाळी डोळे उघडतेस ना, तिथून सांग.