एक चतुर्थांश गाडी

जबाब, दिनांक १३ फेब्रुवारी २०२३

माझे नाव ओइकावा हिरोए, वय ६८ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी गावच्या वाचनालयात नोकरी. राहणार तोकाची भाग, होक्काइदो, दूध संघाच्या जुन्या डेपोसमोर.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, सदर गाडी मी पहिल्यांदा कधी पाहिली ती तारीख मला आठवत नाही. पहिली आठवण १९९४ च्या ऑगस्टमधली आहे. गाडी तळ्याकाठी उभी होती आणि माझे पती दिवंगत ओइकावा तेत्सुरो तिच्याखाली उताणे पडले होते. पाय तेवढे बाहेर होते. "चौदाचा पाना दे," ते म्हणाले. मी बाराचा दिला. त्यांनी तो घेतला, लावून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "चौदाचा." मी मका उकडत होते. त्या दिवशी दुसरे काही घडले नाही. हे जबाबात घेण्याची गरज नाही असे जबाब लिहून घेणारे पोलीस अधिकारी कातागिरी साहेब यांचे म्हणणे पडले. प्रश्न त्यांनीच विचारला होता, म्हणून राहू द्यावे असे मी सांगितले.

गाडी १९९२ ची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर असलेली आहे. तीन लाख बारा हजार किलोमीटर झाली आहे. आतला पलंग, कप्पे आणि ओटा माझ्या पतींनी प्लायवूडचा बनवला. ते दूध संघात यंत्रे सांभाळत असत. पडदे मी शिवले. आम्ही सत्तावीस वर्षे त्या गाडीतून फिरलो आणि तिच्यातच झोपलो. आम्हाला मूलबाळ नाही. पती मार्च २०२१ मध्ये वारले.

गाडीचे कागद अजून पतींच्या नावावर आहेत. ते का बदलले नाहीत असे विचारल्यावरून सांगते की, वेळ मिळाला नाही. दोन वर्षांत वेळ मिळाला नाही का असे विचारल्यावरून सांगते की, नाही.

तक्रारदार ओइकावा इत्सुकी, वय ३१, राहणार योकोहामा, हा माझ्या पतींच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ आधीच वारले आहेत. इत्सुकी व्हिडिओ बनवतो. त्यात तो गाडीत राहणारा माणूस असतो. गेल्या वर्षी ९ ऑक्टोबर रोजी तो माझ्याकडे आला, दोन वाट्या सूप प्यायला आणि म्हणाला, "काकू, गाडी नुसती गंजतेय. दोन आठवडे द्या. काकांच्या आठवणीत एक छान फिल्म करतो." मी चावी दिली. इंजिन थंड असेल तर चावी अर्धी फिरवून आधी हीट द्यायची, दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल मारायचा, हे मी त्याला दोनदा सांगितले. तो मोबाइलमध्ये बघत "हो, हो," म्हणाला. मी नन्सच्या शाळेत शिकले आहे. आमच्या सिस्टर लुसिएन म्हणत, जी मुलगी दोनदा "हो" म्हणते तिने एकदाही ऐकलेले नसते.

दोन आठवड्यांनी गाडी आली नाही. नोव्हेंबरमध्ये मी फोन केला, तर म्हणाला, "काकू, लोकांना फार आवडलंय. जरा थांबा ना." डिसेंबरमध्ये म्हणाला, "बर्फात तुम्ही ती घेऊन जाणार तरी कुठं? या वयात?" जानेवारीत त्याने फोन घेतला नाही. शेजारच्या मुलीने मला त्याचे व्हिडिओ दाखवले. एकूण अकरा पाहिले. चौथ्यात तो सांगतो की, काकांनी मरताना त्याचा हात हातात घेऊन ही गाडी त्याला दिली. मरतेवेळी खोलीत मी होते आणि एक नर्स होती. इत्सुकी त्या दिवशी ओकिनावात पोहत होता. हेही मला त्याच्याच एका जुन्या व्हिडिओवरून कळले.

त्याच व्हिडिओंत मी पाहिले की गाडीत आतून फरक केला आहे. माझे पडदे काढून तिथे तागासारखे काहीतरी लावले आहे. दिव्यांची माळ लावली आहे, जशी दुकानात लावतात. हाताने फिरवायचे कॉफीचे जाते ठेवले आहे, ज्यात त्याने एकदाही कॉफी दळलेली नाही. दांडा उलटा फिरवतो. माझ्या पतींनी गाडीत ठिकठिकाणी कागदी चिकटपट्टीवर सूचना लिहून लावल्या होत्या. "दार हळू." "हा खिळा बाहेर येतो, डोके सांभाळ." "वरचा कप्पा फक्त हिरोएच्या चहाचा." अशा एकोणीस होत्या. त्या दिसल्या नाहीत.

दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी इत्सुकीचा फोन आला. आमच्या घरापासून सेहेचाळीस किलोमीटरवर हायवेला जो विसावा आहे, जिथे बटाटे आणि आइस्क्रीम विकतात आणि रात्री गाड्या मुक्कामाला थांबतात, तिथून तो बोलत होता. तो गाडी घेऊन फेरीबोटीने आदल्या दिवशी होक्काइदोत आला होता, याची मला कल्पना नव्हती. बोलणे असे झाले.

"काकू, तुमची गाडी मेली."

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मी ठीक आहे. गाडी मेली म्हणतोय. इंजिन गेलं."

"डिझेल कुठं भरलंस?"

"डिझेलचं काय मध्येच? योकोहामाहून निघताना. टाकी फुल केली, तिकडं स्वस्त आहे. बोटीवरून उतरल्यावर भरायलाच लागलं नाही."

"आणि बाहेर किती आहे आत्ता?"

"उणे तेवीस."

आमच्याकडे जुनी डिझेल गाडी ज्याच्या दारात आहे त्याला हे सांगावे लागत नाही. दक्षिणेकडचे डिझेल आमच्या थंडीत मेण धरते आणि फिल्टरमध्ये बसते. म्हणून दक्षिणेतून निघताना टाकी जवळपास रिकामी आणायची आणि बोटीवरून उतरल्या उतरल्या इथले हिवाळी डिझेल भरायचे. इथे दुधाची गाडी चालवणाऱ्याच्या बायकोलाही हे माहीत असते. ज्याचा गाडीबद्दलचा सल्ला चाळीस हजार लोक ऐकतात त्याला माहीत नव्हते.

मी विचारले, "सेल किती वेळ मारलास?"

"बॅटरी संपेपर्यंत. मग इंजिन सुरू करायचा स्प्रे आत मारणार होतो, पण शेजारच्या ट्रकवाल्यानं हात धरला. उद्धट माणूस."

हीट दिलेल्या इंजिनात तो स्प्रे मारला तर भडका उडतो. त्या ट्रकवाल्याचे नाव मला माहीत नाही. सापडल्यास त्याला माझे आभार कळवावेत.

पुढे इत्सुकी म्हणाला, "तर काकू, भंगारवाल्याशी बोललोय. दोन वाजता उचलायला येतोय. तुम्ही फक्त फोनवर हो म्हणा. शेवटचा प्रवास म्हणून व्हिडिओ पण होईल, म्हणजे काकांनाही शोभेल असं."

मी हो म्हटले नाही. मी फोन ठेवला आणि ससामोरी यासुजी यांना बोलावले. ते गॅरेज चालवतात, वय ७१, माझ्या पतींचे मित्र. तेही समक्ष हजर आहेत.

आम्ही ९ वाजून ५० मिनिटांनी विसाव्यावर पोहोचलो. इत्सुकी गाडीत नव्हता. रस्त्यापलीकडे गरम पाण्याच्या कुंडाचे हॉटेल आहे, तिथे तो रात्रीपासून होता, असे तिथल्या बाईंनी सांगितले. तो तेव्हा कुंडात होता. त्याच दिवशी "उणे तेवीसमध्ये गाडीतली रात्र" या नावाचा व्हिडिओ निघाला आहे. त्यात तो दोन स्वेटर घालून कुडकुडतो. केस ओले आहेत.

ससामोरी यांनी बॉनेटवरून जमिनीपर्यंत ताडपत्री सोडली आणि खालून गरम हवेचा पंखा लावला. टाकीतले डिझेल दोन कॅनमध्ये काढले. मेणबत्ती वितळून पुन्हा गार झाल्यासारखे होते ते. नवा फिल्टर बसवला, इथले हिवाळी डिझेल वीस लिटर घातले आणि त्यांच्या ट्रकच्या बॅटरीवरून तार दिली. टाकीत रॉकेल ओतले असते तर काम लवकर झाले असते, पण ते कायद्याने चालत नाही, म्हणून ओतले नाही. हे मुद्दाम लिहून घ्यावे.

या कामात अडीच तास गेले. मी आतून बर्फ खरवडत होते, तेव्हा चिकटपट्ट्यांच्या जागी फिकट चौकोन दिसले. मी मोजले. एकोणीस.

"वहिनी, तुम्ही बसा ट्रकमध्ये, गरम आहे," ससामोरी म्हणाले.

"मी ठीक आहे."

"मग निदान रडू नका, काचेवर गोठेल."

मी रडत नव्हते. ते चेष्टेने बोलत होते.

१२ वाजून २० मिनिटांनी मी माझ्याजवळच्या दुसऱ्या चावीने हीट दिली, दिवा विझेपर्यंत थांबले आणि सेल मारला. तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. काळा धूर झाला, मग पांढरा, मग काही नाही. मी हॉटेलात जाऊन चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत लिहिले : "गाडी नेली आहे. भंगारवाल्याला नाही म्हणून सांग. काकू." ही चिठ्ठी तक्रारदारानेच पुरावा म्हणून दिली आहे. त्यानंतर मी गाडी स्वतः चालवत घरी आणली. त्याआधी मी ती गाडी बर्फात कधी चालवली नव्हती. ससामोरी मागून त्यांचा ट्रक घेऊन आले. वाटेत काही घडले नाही.

संध्याकाळी ५ वाजता इत्सुकीने गाडी चोरीस गेल्याची तक्रार दिली. त्यावरून आपण गाडी आतल्या सामानासकट जप्त करून इथे आणली. काल आपण आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. तेव्हा तो म्हणाला, "कायद्यानं एक चतुर्थांश माझी आहे. काकूंनी माझ्या हिश्शासकट नेली."

मूल नसले तर तीन हिस्से बायकोचे आणि एक हिस्सा भावाचा, भाऊ नसेल तर त्याच्या मुलाचा. हे खरे आहे आणि मी नाकारत नाही. मी फक्त विचारले, "कुठला हिस्सा, इत्सुकी? पुढचं चाक की मागचं दार?"

"काकू, चेष्टा नको."

ससामोरी म्हणाले, "त्याला सायलेन्सर द्या, वहिनी. धूर सोडण्यात हात बसलाय."

मग मी चिकटपट्ट्यांचे विचारले.

"कसल्या पट्ट्या? हां, त्या. काढून टाकल्या. शॉटमध्ये घाण दिसत होतं, काकू."

"कुठे आहेत?"

"कचऱ्यात असतील. ऑक्टोबरमध्येच काढल्या. काय झालं?"

मी काही झाले नाही असे सांगितले. नुकसानीत त्या पट्ट्यांची किंमत काय धरायची असे कातागिरी साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, त्या पट्टीची एक गुंडाळी एकशे साठ येनला मिळते.

इत्सुकीविरुद्ध उलट तक्रार द्यायची आहे का असे विचारल्यावरून सांगते की, नाही. तो चोर नाही. चोराला निदान वस्तूची किंमत कळते. त्याला शिक्षा व्हावी अशीही इच्छा नाही, कारण त्याचाही तो व्हिडिओ काढेल. आज सकाळी फोनवर त्याने माझ्यावरची तक्रार मागे घेण्याची तयारी दाखवली आहे, त्याचा हिस्सा मान्य केला तर. मी मान्य करते. मात्र गाडी विकली जाणार नाही, कापली जाणार नाही आणि मी सोबत नसताना माझ्या अंगणाबाहेर मुक्कामाला राहणार नाही, एवढे त्याच्या सहीशिक्क्याने लिहून घ्यावे. तो कागद झाल्यावर मी गाडी माझ्या नावावर करून घेईन. त्यासाठी आता वेळ काढीन.

जप्त वस्तूंबद्दल माझे म्हणणे असे आहे.

दिव्यांची माळ, तागाचे पडदे आणि कॉफीचे जाते इत्सुकीला द्यावे. माझे पडदे त्याने कुठे ठेवलेत ते त्याला विचारावे. मिळाले तर मला द्यावेत. नाही मिळाले तर नवे शिवीन.

डिझेलचे दोन कॅन त्याचे आहेत. ते त्याने स्वस्तात घेतले आहे, तेव्हा वाया जाऊ नये.

गाडीतली पतींची दुरुस्तीची वही ससामोरी यांना द्यावी. १४ मार्चला गाडीचे पासिंग आहे आणि ते अक्षर त्यांना वाचता येते. त्यांचे काम झाल्यावर ते मला परत करतील.

दोन्ही चाव्या आणि गाडी मला द्यावी, शक्य तर आजच चारच्या आत, कारण नंतर रस्ता गोठतो. तोवर आपल्या आवारात तिचे तोंड वाऱ्याकडे आहे, ते फिरवावे. हँडब्रेक ओढू नये, आखडतो. गिअरमध्ये ठेवावी.

एक चतुर्थांश म्हणजे वर्षाचे तीन महिने. ९ ऑक्टोबर ते ११ फेब्रुवारी हे चार महिने दोन दिवस होतात. म्हणजे इत्सुकीने यंदाचा हिस्सा वापरून पुढच्या वर्षातला थोडा खाल्ला आहे. उरलेले दोन महिने, दोन दिवस कमी, त्याने पुढच्या वर्षी उन्हाळ्यात घ्यावेत, हिवाळ्यात नाही. गाडी न्यायला त्याने माझ्या घरी यावे, जेवून निघावे. गाडी तो चालवेल. त्याच्या शेजारच्या सीटवर मी बसेन. ती सीट माझ्या तीन हिश्शांत येते.

वरील जबाब मला माझ्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवला. पतींच्या नावाआधी "दिवंगत" हा शब्द तीन ठिकाणी आला होता. एकदा पुरे, असे मी सांगितल्यावरून दोन ठिकाणचा काढला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली शिक्का उमटवला.

ओइकावा हिरोए