मैत्रीपूर्ण लढत आणि माझी जीभ

नको, नको, मला नको! तो ग्लास माझ्यासमोर आणूच नका... तुम्हाला सांगतो, मी, झान कुलिबाली, आमच्या अख्ख्या गल्लीला रोज संध्याकाळी चहा पाजणारा माणूस, आज नुसती किटली वाजली तरी तोंड फिरवतो! जीभ बघायचीय? नका बघू, जेवायच्या वेळी बघण्यासारखी नाही ती. गरम कळत नाही, गार कळत नाही. काल बायको शेंगदाण्याच्या रश्शात मीठच घालायला विसरली, मी दोनदा वाढून घेतलं आणि वर "वा, झकास" म्हणालो, तेव्हापासून ती माझी जुनी कौतुकंसुद्धा तपासून बघतेय! आणि हे सगळं कशात झालं? भांडणात? आगीत? छे हो... मैत्रीपूर्ण लढतीत! मला एक सांगा, लढत आहे तर मैत्री कसली, आणि मैत्री आहे तर लढता कशाला? पण नाही... म्हणे मैत्रीपूर्ण!

तर झालं असं की आमचा मोरिबा, माझा धाकटा, देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघात निवडला गेला. डाव्या बाजूचा बचाव. आता पोरगं निळ्या-पिवळ्या कशातही धावत होतं तोवर मी शांत होतो, पण देशाचा हिरवा सदरा अंगावर घालून ते दारात उभं राहिलं आणि माझ्यातला शांत माणूस जो निघून गेला तो अजून परतलेला नाही! मोठ्या स्पर्धेआधी तीन सामने ठेवले होते, सरावाचे. खेळाडू पारखायचे, कोण चालतो, कोण नाही, ते बघायचं, आणि मग शेवटची नावं जाहीर करायची. केइता म्हणाला, "अरे, यात हरलं तरी चालतं." हा केइता म्हणजे गल्लीतला शिंपी, त्याच्या दुकानापुढेच आमचा कट्टा बसतो. त्याचं काय जातंय? त्याचा पोरगा पायमोजे घालून निजलाय का दोन रात्री?

आणि कट्टा म्हणजे काय, एक शेगडी, एक किटली, दोन बाकं आणि केइताचं तोंड. केइता आडनावाच्यांनी कुलिबालींना चवळीखाऊ म्हणायचं आणि कुलिबालींनी ते ऐकून हसायचं, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यावर रागावणारा माणूस आडमुठा ठरतो. लग्नात म्हणतात, मयतात म्हणतात. मी त्याला म्हणतो, "आम्ही चवळी चारचौघांत खातो, तुम्ही दार लावून खाता, एवढाच फरक." चालायचंच.

पहिला सामना गावाबाहेरच्या मैदानावर, लष्कराच्या क्लबाशी. आमची पोरं अजून आरशात मिशी शोधतायत आणि समोर हे बापे, एकेकाला दोन-दोन लेकरं! आम्ही सगळे गेलो, शेगडी, कोळसे, किटली, साखर घेऊन. सामना सुरू झाला की पहिला चहा, कडू. मध्यांतराला दुसरा, बरा. संपताना तिसरा, गोड. हरलो तरी तिसरा गोडच असतो, ती एक सोय आहे. तर मी किटलीत बघतोय, फेस आणतोय, सहज मान वर केली... तर मोरिबा आपल्या जागी नुसता उभा! मला राहवेना हो. म्हटलं, "मोरिबाऽऽ! पुढे जा!"

आता इथे तुम्हाला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात पहिल्या हाकेला ओ द्यायची. दुसरी हाक नाही, दुसऱ्या हाकेच्या जागी चप्पल येते. माझ्या बापाने मला तसं वाढवलं, मी मोरिबाला तसं वाढवलं, आणि सांगायला अभिमान वाटतो, गल्लीत असं आज्ञाधारक पोरगं दुसरं नाही. मी पुढे जा म्हटलं... पोरगं गेलं की पुढे! कोच ओरडतोय, "मागे, मागे!" कोण ऐकतो? बाप पुढे जा म्हणालाय! आणि त्याच्या मोकळ्या जागेतून लष्करातला एक मिशीवाला, धावलासुद्धा नाही हो, बाजारात निघाल्यासारखा चालत आला आणि गोल मारून गेला. आम्ही हरलो. केइता म्हणाला, "चवळीखाऊ, तू मान वर केलीस आणि गोल बसला. पनवती आहेस." अरे, पहिलाच सामना होता! आणि म्हणे मैत्रीपूर्ण!

दुसरा सामना मोठ्या स्टेडियमवर, गिनीच्या पोरांशी. फाटकावरचा शिपाई म्हणतो, शेगडी आत नेता येणार नाही. मी म्हटलं, "भाऊ, मग सामना कशावर बघायचा?" त्याने विचार केला, त्याला पटलं, आणि पहिल्या चहाला तो आमच्याच बाकावर होता. मी ठरवलं होतं, या खेपेला पुढे जा म्हणायचं नाही. शिकलोय मी, अडाणी आहे का? म्हणून मी ओरडलो, "मागे ये, मोरिबा, मागे!" तो मागे आला. मी म्हटलं, अजून मागे. तो अजून मागे आला... आणखी... शेवटी पोरगं मागे मागे येत आपल्याच गोलकीपरच्या पोटावर आदळलं, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि चेंडू मधूनच हळूहळू, कुणाची वाट न बघता, आत गेला. गिनीची पोरंसुद्धा हसली हो! आता मात्र मला वाटलं, हा सामना खरंच मैत्रीपूर्ण आहे.

त्या संध्याकाळी कोच तुंकारा स्वतः कट्ट्यावर आले. मोठा माणूस, पण तिन्ही चहा होईपर्यंत खेळाबद्दल एक शब्द नाही, नुसती घरच्यांची विचारपूस, पावसाची विचारपूस, केइताच्या शिलाई मशीनचीसुद्धा विचारपूस! आणि मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "कुलिबाली, पोरगा गुणी आहे. पण त्याला दोन कोच आहेत, आणि तो वयाने मोठा असलेल्याचं ऐकतो. शेजारच्या देशात, आबिजानला, तिथल्या पोरांशी शेवटचा सामना आहे. तिथे त्याने एकदा जरी जागा सोडली, तरी मला त्याला घरी ठेवावं लागेल."

तुम्हाला सांगतो, मी किटली तशीच शेगडीवर सोडून उठलो. मी घरी जाऊन मोरिबाला विचारलं, अरे, तू माझं कशाला ऐकतोस मैदानात? तर पोरगं खाली मान घालून म्हणतं, "बाबा, तुम्ही हाक मारल्यावर मी तसाच कसा उभा राहू?" घ्या! याला काय बोलणार? रागवावं तर कशाला, आणि कौतुक करावं तर संघातून जाणार! रडू आलं मला. खोटं कशाला बोलू, आलं.

मग कट्ट्याने निकाल दिला, मी आबिजानला जायचं नाही. जाणार कोण? माझी बायको, तिचं नावच नान्तेने. तिची बहीण तिथेच राहते, आणि तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे ती ओरडणार काय, कपाळ? बसमध्ये बसवून दिली. आता गंमत अशी की तो सामना ना टीव्हीवर, ना रेडिओवर! अख्ख्या गल्लीला बातमी देणारी एकटी नान्तेने. साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, आवाज मोठा केला, माणसं तर दुकानाच्या छपरावर चढली होती, फोन बघायला!

आणि केइताने माझा बंदोबस्त केला. म्हणाला, "झान, मूग गिळून गप्प बस म्हटलं तर तू चवळी मागशील. त्यापेक्षा चहाचा घोट तोंडात धर. गिळायचा नाही, बोलायचं नाही." कट्ट्याने माना डोलावल्या. पोराच्या जागेचा प्रश्न होता, मी घोट धरला. निवला की थुंकायचा, नवा धरायचा. माझ्याच हातचा चहा, मला थुंकावा लागत होता!

फोनवर नान्तेने सुरू. "मोरिबा वाळलाय गं बाई... काही खायला घालतात की नाही इथे?" केइता म्हणाला, "वहिनी, सामना सांगा, सामना." "हो हो... तो काळ्या कपड्यातला शिट्टी वाजवतोय, तो आपला का?" "वहिनी, तो कुणाचाच नसतो." "अरेरे, बिचारा..." मग एकदम गलका. "गोल झाला!" आम्ही सगळे उभे. "कुणाचा, वहिनी?" "ती पोरं फार खूश आहेत." "कुठली पोरं?" "ज्यांनी गोल केला ती!" माझ्या तोंडात चहा आणि डोळ्यांत पाणी... आणि म्हणे मैत्रीपूर्ण! शेवटी तिने शेजारच्या, आचेके म्हणजे कसावाचा भात विकणाऱ्या बाईला विचारून सांगितलं, गोल त्यांचा. मग थोड्या वेळाने आणखी एक, तो आमचा. बरोबरी. वेळ संपत आलेली. आणि मोरिबा? "मोरिबा तर एका जागी उभा आहे," ती म्हणाली, "खांबासारखा. त्याला बरं नाहीये का?" माझा जीव भांड्यात पडला. उभा राहा रे राजा, उभा राहा...

पण आईची जात हो! तिला वाटलं, पोरगं घाबरलंय, बापाचा आवाज ऐकला की बरं वाटेल. मैदानाला नुसती दोरी बांधलेली, डावी बाजू दोरीलगतच. ही उठली, दोरीपाशी गेली, फोन उंच धरला आणि म्हणाली, "मोरिबा, बाळा, बाबा आहेत फोनवर!"

इकडे केइता माझ्याकडे धावला. नेमका त्याच क्षणी मी ताजा घोट घेतलेला, शेगडीवरून उतरवलेला, रटरटता. घाबरून केइताने माझ्या पाठीत धपका घातला, म्हणे गप्प राहावा म्हणून! घोट गेला घशाखाली... आणि मी, तुम्हाला सांगतो, मी काही बोललो नाही, शपथेवर सांगतो, शब्द नाहीच तो, नुसतं आतून आलं, "आऽऽऽऽऽ!"

आबिजानला ते ऐकू गेलं "जाऽऽऽऽऽ!"

आणि गेलं हो पोरगं! पहिल्या हाकेला! नान्तेने ओरडतेय, "अरे, कुठे चाललास? जेवलास का?" आणि मोरिबा दोरीलगतून जो सुटला, एकाला चुकवलं, दुसरा स्वतःच पडला, आणि थेट गोल! या वेळी तिला कुणाला विचारावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, "झान... आपल्या पोराने केलं." मग फोनवर नुसतं रडणं आणि इकडे गल्लीत नुसतं नाचणं, छपरावरची माणसं दुकानात पडली, आणि केइता मला उचलून घेऊन ओरडत होता, "माझा चवळीखाऊ! माझा सोन्यासारखा चवळीखाऊ!" आणि मी जीभ बाहेर काढून पाण्याच्या मडक्याकडे हात करतोय, कुणाचं लक्ष आहे?

रात्री तुंकारांचा फोन आला. मला वाटलं, संपलं, पोराने जागा सोडलीच की. तर ते म्हणाले, "कुलिबाली, त्यांचा तो उजवा बचाव करणारा दमला होता, सगळा खेळ डावीकडे मोकळा होता, मी ओरडणारच होतो. तुम्हाला तिकडे बसून कसं कळलं?" मी काय सांगणार? जीभच हलत नव्हती! गप्प राहिलो, तर त्यांना वाटलं, केवढा विनम्र माणूस. मोरिबाचं नाव यादीत लागलंय. आणि वर म्हणाले, स्पर्धेतही असंच करा. एकच हाक, योग्य वेळी, तीच, तशीच!

तशीच! मी रिकाम्या तोंडाने करून बघितली हो, दहादा करून बघितली. केइता मान हलवतो. म्हणतो, "आवाज आहे, पण आतला जीव नाही. चहाशिवाय नाही जमायचं." नान्तेने पुन्हा बसमध्ये बसायला निघालीये, फोन चार्ज करून. कट्ट्यावर पोतंभर कोळसा येऊन पडलाय. आणि माझ्याकडे जीभ एकच!

...काय म्हणता? किटली उतरवली? आण रे केइता, आण इकडे तो ग्लास. निववू नकोस. उगाच फुंकर मारू नकोस, कळतं मला. मैत्रीपूर्ण होती तेव्हा एका घोटात भागलं... उद्यापासून खरी आहे.