जादा चिठ्ठी

(गोकुळ शिरगाव, १९९८. गोळ्यांच्या कंपनीतला पॅकिंग हॉल. कामगार घरी गेलेत. फार्मासिस्ट रूपाली आणि गोळ्यांच्या डब्यांत औषधाच्या माहितीच्या चिठ्ठ्या घडी करून घालणारी धोंडुबाई मागं राहिल्यात.)

धोंडुबाई : मॅडम, किती खोकी ऱ्हायली?

रूपाली : एकोणीस. मावशी, बसा जरा, पाय सुजलेत तुमचे.

धोंडुबाई : बसून काय चिठ्ठी गावतीया?

रूपाली : टेबलावर एक चिठ्ठी जादा, म्हणजे एक डबी बिनचिठ्ठीची गेली. ती सापडेपर्यंत माल गेटाबाहेर जात नाही. जीव आंबून गेलाय माझा. सरकवा पुढचं खोकं.

धोंडुबाई : नगा फोडू.

रूपाली : का?

धोंडुबाई : जादाची माझी हाय. घरनं आणल्याली.

रूपाली : घरनं? बाहेरचा कपटासुद्धा आत आणायचा नाही, अकरा वर्षं झाली तुम्हाला इथं! आणि दोन तास मला खोकी फोडायला लावलीत?

धोंडुबाई : भ्या वाटलं. कामावरनं काढशीला म्हणून गप बसलो. तुमच्याकडनं वाचून घ्यायची हुती, पर तुमी सायबासंगट हुता. टेबलावर ठिवली आन् गठ्ठ्यात मिसाळली.

रूपाली : सगळ्याच तुमच्या घडीच्या, कडेला तुमचं नख मारलेल्या. कळणार तरी कसं? काय वाचायचं होतं?

धोंडुबाई : ह्याच कंबरदुखीच्या गोळ्या सुनंला दुकानातनं आणल्यात. गुण हाय, पर मनाला खुटखुट लागलीया.

रूपाली : का? पोटुशी आहे का ती?

धोंडुबाई : आठवा लागलाय की. म्हणून तर कंबर धरतीया.

रूपाली : किती दिवस घेतेय?

धोंडुबाई : बारा. मीच देतोय, सकाळ-सांज.

रूपाली : मावशी, आजची देऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत ही घ्यायची नसते. हे बघा, मधल्या घडीवर लिहिलंय. इंग्रजीत.

धोंडुबाई : बाळाला काय हुईल?

रूपाली : मला नाही सांगता येणार. तिला आत्ताच डॉक्टरांकडं न्या. मी रिक्षा बघते.

धोंडुबाई : आन् ही खोकी?

रूपाली : तुमच्या शब्दावर माल सोडता येत नाही. एकोणीस मी फोडते. साहेबांचं उद्या बघू. उठा.

धोंडुबाई : ती चिठ्ठी द्या, डॉक्टरला दावतो.

रूपाली : घ्या. काय झालं? काय बघताय?

धोंडुबाई : घरच्या चिठ्ठीलाबी, दुकानातनं आणली तवाच, कडंला असंच नख हुतं, मॅडम. मीच घातल्याली ती डबीत.