नौफलचा डबा

हॅलो?… हां निब्रास, बोल… मोठ्यानं बोल जरा, वीज गेलीये, रस्त्यावरचे सगळे जनरेटर एकदम सुरू झालेत… काय? डबा बंद पडला?… बघ! म्हटलं होतं की नाही मी?… नाही गं, हसत नाहीये… बरं, हसतेय. मग?

कितव्यांदा?… सकाळपासून चौथ्यांदा. आणि पाचला तुझा गेमचा सामना… आत्ता सव्वाचार झाले… अगं, तू कशाला रडतेस? रडायचं तर त्यानं रडावं, ज्यानं बनवलाय!

हो, हो… अगं ऐक ना. तुझ्या नौफलला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संगणक कसा हवा? कपाटासारखा! दार उघडलं की कोपरापर्यंत हात आत गेला पाहिजे. बावीस वर्षं बाबांच्या दुकानात हेच करतेय ना मी? आणि हा कोण? शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर! चार व्हिडिओ बघितले आणि निघाला चपलांच्या खोक्याएवढ्या डब्यात एवढं थोरलं ग्राफिक्स कार्ड कोंबायला… माहितीये, माहितीये, तुला पिशवीत घालून सरावाला नेता यावा म्हणून. पुरे झालं कौतुक.

शब्द? हो, दिलाय ना शब्द. सगळ्या घरादेखत दिलाय. काका म्हणाले, बाबा नाहीत, तेव्हा निब्रासच्या लग्नाचं सुहाद म्हणेल तसं. मी म्हटलं, त्याचा डबा आजचा सामना संपेपर्यंत चालला तर हो, नाहीतर नाही. ज्याला एक डबा धड चालवता येत नाही, तो संसार काय चालवणार?… कठोर तर कठोर.

आहे कुठे तो?… तिथेच? आपल्या बैठकीत?… चहा पितोय! आणि डब्याला हात नाही लावत?… काय म्हणतो? आधी सुहादला विचार?… वा! बनवताना नाही सुचलं ते विचारायचं!… आईनं क्लेचे भाजलेत, खजूर भरून? दे, आणखी चार दे त्याला. जावयाचा थाट आत्तापासूनच.

मागून काय बोलतेय आई?… कुठला मोजा?… जोडीतला एक हरवलाय?… मला काय माहीत तिचा मोजा! म्हणावं, नवा जोड आणून देईन, पण आत्ता शोधत बसू नकोस.

हां. आता नीट ऐक. त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी सांगतेय. विचार त्याला, प्रोसेसरवर पंखा बसवताना बुडाचं प्लास्टिक सोललं होतंस का? सगळे नवशिके तिथेच माती खातात… सोललं?… कशावरून?… वहीत चिकटवून ठेवलंय? तारीख घालून?… या अल्ला. मास्तर तो मास्तरच.

बरं, मग विजेची बोंब असणार. गल्लीतल्या अबू सिनानच्या जनरेटरवरून आपल्याला मिळतात पाचच अँपियर. त्यात फ्रिज, त्यात कूलर, वर हा राक्षस. बटण खाली पडत असेल… नाही?… फ्रिज चालूच राहतो?… काय केलंय म्हणालीस त्यानं? कार्डाची विजेची भूकच कमी करून ठेवलीये? अबू सिनानकडे जाऊन, हिशोब मांडून?… हं… नाही, कौतुक नाही करत. हं म्हटलं फक्त.

एक मिनिट थांब, गिऱ्हाईक आलंय… काय हवंय दादा?… संगणकात दिवे? आतून सात रंगांचे?… समोरच्या गल्लीत लग्नाच्या माळा मिळतात, तिकडे जा… गेला. बोल.

आता झाकण काढून फोटो पाठव. तारांचा गुंता झाला असणार, पंख्यात अडकत असतील… आला… थांब, मोठा करून बघते…

अगं आहे मी. बघतेय… या तारा त्यानं बांधल्यात? एकट्यानं?… काही नाही. ठीक आहेत. बऱ्या आहेत.

बंद पडण्याआधी उष्णता किती दाखवतो?… पंच्याण्णव! मग सापडलं की! गुदमरतोय तो. खोक्यात हवा येणार कुठून? मी म्हटलंच होतं… पहिला आठवडा छान चालला? मग केव्हापासून?… शनिवारपासून. म्हणजे शनिवारी त्यानं काहीतरी उपद्व्याप केला… तुला काय माहीत, नाही केला? तू पहाऱ्यावर होतीस?

बरं, झाकण लाव आणि चालू कर. आता टिश्यू घे एक. डब्याच्या खाली, जाळीपाशी धर. चिकटला?… पडला?… परत धर… परत पडला. झालं तर मग! पंखे उलटे बसवलेत शहाण्यानं! हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकतायत!… अगं, शंभर टक्के! बंद कर, आडवा कर, खालची पट्टी काढ. चार स्क्रू असतील… त्याला नको सांगू, तूच काढ.

निघाली? पंख्याच्या कडेला बाण असतो बघ, कुठे वळलाय?… आत?… नीट बघ गं… आतच… मग हवा का नाही ओढत? मध्ये काय आडवं आलंय?…

कापड?… कसलं कापड?…

…

हॅलो… आहे, आहे मी… रंग कुठला म्हणालीस?… बदामी. दुपदरी. चारी बाजूंनी चिकटपट्टी…

आईला दाखवू नकोस!… दाखवलास. बरं.

अगं, आईचा तो मोजा मीच लावला… मी, मी! मागच्या शुक्रवारी, जेवण झाल्यावर, तू भांडी घासत होतीस तेव्हा… कशाला म्हणजे? धुळीचं वादळ नव्हतं का येऊन गेलं? सगळं बगदाद भगवं झालं होतं. या दुकानातून एकसुद्धा संगणक जाळीला मोजा लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. बाबांपासूनची रीत आहे. मला वाटलं, त्या मास्तराला काय कळतंय धुळीतलं… तुझा डबा होता ना, म्हणून दुपदरी लावला. मोठ्या कपाटात चालतो दुपदरी. तिथे आत बोटभर जागा नाही, हे… हे नाही आलं माझ्या डोक्यात.

ओरड, ओरड. ओरडून झालं की तो मोजा फाडून काढ… काढलास? पट्टी लाव. खेळ सुरू कर. मी थांबते…

किती?… बहात्तर… आणि आता?… सत्तरच. दहा मिनिटं झाली ना?… सत्तरच.

निब्रास, त्याला फोन दे… दे म्हटलं ना.

नौफल?… हो, सुहाद. वालेकुम सलाम… हे बघ, तो मोजा मी… काय? शनिवारीच बघितलास? उघडून?… अरे मग काढला का नाहीस, शहाण्या! आज सामन्यात बंद पडला असता, मी सरळ नाही म्हटलं असतं, आणि मग बसला असतास आयुष्यभर भूगोल शिकवत!…

मी लावला होता म्हणून?… आमच्या दुकानातल्या संगणकांना असाच मोजा असतो, त्यावरून ओळखलंस?…

मोठ्या बहिणीनं आपल्या हातानं लावलेलं, तिला न विचारता कसं काढायचं… बरं. मग विचारलं का नाहीस मला?… फोन केला होतास?… नऊ वेळा… हो. बघितले होते मी. मुद्दामच नाही उचलले.

लाज वाटतेय मला, नौफल. एकदाच सांगते, परत विचारू नकोस… आणि त्या तारा. बावीस वर्षांत मला तशा नाही जमल्या. हेही एकदाच.

नाही, सामना संपेपर्यंत कशाला थांबायचं? सामना होईल तसा होईल… ऐक. शुक्रवारी दोलमा आहे, जेवायला ये. आणि येताना आईसाठी मोज्यांचा नवा जोड आण. बदामीच… अरे, मी आणला तर तासभर ऐकवेल मला. जावयानं आणला तर काही बोलणार नाही…

हो… तेच म्हणाले मी… निब्रास का किंचाळतेय?… तिला म्हणावं, बस आता जागेवर, पाच वाजत आले. ठेवते, गिऱ्हाईक उभं आहे.