बसेल, पण चालवू नका

नाव : दीनानाथ श्रीनिवास खरवंडीकर, वय ७२ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त (पूर्वी वीज कार्यालयात हिशेबनीस), राहणार : तळमजला, कर्वेनगर, पुणे.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी पद्मजा व गणपतीपासून आमची मुलगी कादंबरी, वय ३६, असे एकत्र राहतो. मुलगी विवाहित आहे. तिचे सासर बिबवेवाडीला. ती माहेरपणाला आलेली नसून गळपट्टीचे हाड मोडून आलेली आहे. हाड तिचा नवरा केयूर याने मोडले. माझे म्हणणे माझ्याच शब्दांत लिहावे असे मी लेखनिक हवालदारसाहेबांना सांगितले असून त्यांनी ते मान्य केले आहे.

केयूरबद्दल मुलीने व मी याच ठाण्यात वेळोवेळी अर्ज दिलेले आहेत. प्रत्येक वेळी, घरगुती मामला आहे, आपसात मिटवा, असे सांगण्यात आले. एकदा चहाही दिला. अर्जावरून आमचा जबाब कधी घेतला गेला नाही. हे वाक्य जबाबात आवश्यक नाही असे हवालदारसाहेबांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, लिहिलेले राहू द्या.

गुन्ह्यातील रिव्हॉल्वर माझ्या वडिलांचे. ते पतपेढीची रोकड ने-आण करीत, त्यासाठी त्यांना परवाना मिळाला होता. त्यांच्या पश्चात तो माझ्या नावे झाला. हत्यार लहान, तळहातात मावणारे, मधून मोडून उघडणारे, फिरत्या चक्रात गोळ्यांची पाच घरे असलेले, विलायती आहे. परवान्यावर फक्त ०.३२ बोअर एवढेच लिहिलेले आहे. माझ्या माहितीप्रमाणे ते वडिलांनी कधी उडवले नाही, मी तर नाहीच. आमच्याकडे ते खंडेनवमीला पाटावर निघायचे. विळी, स्क्रू ड्रायव्हर, मुलीची जुनी कंपासपेटी आणि हे. खोबरेल तेलाने पुसायचे, गंध-कुंकू लावायचे, झेंडूचे फूल ठेवायचे, दसऱ्यानंतर पुन्हा कपाटात. केयूर लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आला होता, तेव्हा त्याने ते उघडून पाहिले व म्हणाला, "बाबा, यात गोळ्या नाहीत, नुसतंच हळदकुंकू." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

त्यामुळे आमच्या घरातले हत्यार रिकामे असते हे त्याला पक्के ठाऊक होते. तो फोनवर मुलीला म्हणायचा की, तुला न्यायला येणारच आहे, बघू कोण आडवं येतं. आडवा येणारा मी. माझ्या गुडघ्यांना वाटी उरलेली नाही. म्हणून हत्यार भरलेले असावे असे मी ठरवले. उडवायचे असे ठरवले नव्हते.

काडतुसांसाठी मी शहरातील एका परवानाधारक दुकानात गेलो. पद्मजा सोबत होती. दुकानदाराने हत्यार उघडले, उजेडाकडे धरले व विचारले, "आत हे लाल आहे ते गंज का कुंकू?" मी म्हणालो, दोन्ही. त्याने विचारले, "हे शेवटचं कधी उडवलं?" मी सांगितले, वडिलांनीही उडवलेले नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही कशाला सुरुवात करताय?"

त्याने बत्तीसची हल्ली मिळणारी रिव्हॉल्वरची काडतुसे घालून दाखवली. ती लांब आहेत, पुढून बाहेर येतात व चक्र फिरत नाही. यात चालतात ती आखूड व कमी दाबाची. ती आता येत नाहीत, आली तरी हे लोखंड आतून खाल्ले गेले आहे, कारागिराने तपासल्याशिवाय तीही घालू नयेत, असे त्याने सांगितले. मी काचेखाली पाहिले तर तिथे बत्तीसचीच आखूड काडतुसे दिसत होती. ती का देत नाही असे विचारता तो म्हणाला, "ती पिस्तुलाची. आकडा तोच, दाब वेगळा. यात बसतील, पण चालवू नका. फुटेल." मग ह्यात सुरक्षित असे काय घालावे, असे मी विचारले. तो म्हणाला, "काही नाही. पूजा करा." त्याने काहीही विकले नाही. दुकानदाराची चूक नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पिस्तुलाची पाच काडतुसे मी एका परिचिताकडून मिळवली. त्याच्याकडे परवाना आहे. त्याचे नाव विचारण्यात आले. मी सांगणार नाही. लिहा, सांगत नाही. माझ्यापायी आणखी एक घर नको.

काडतुसे घरी आणून घातली, ती मापाने शिवल्यासारखी बसली. पद्मजा बघत होती. ती म्हणाली, "अहो, ही काय कुकरची रिंग आहे, दुसऱ्या कंपनीची बसली म्हणून चालली?" आमच्या घरात आयुष्यभर असेच चाललेले आहे. मिक्सरला भलत्याच मिक्सरचे भांडे, पंख्याला रेडिओचे बटण. बसतंय म्हणजे चालतंय, असे म्हणून मीच ते चालवत आलो. तिला मी म्हणालो, उडवायचं कुणाला आहे, त्याने नुसतं पाहिलं की पुरे. ती म्हणाली, "न उडवायचं तर रिकामं काय वाईट होतं?"

घटनेच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास केयूर आला. पद्मजा दळण आणायला गेली होती. कादंबरी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. त्याने दारावर लाथा मारल्या, कडी निघून आली. मी तोवर हत्यार घेऊन बाहेरच्या खोलीत आलो होतो. त्याने ते पाहिले व हसला. म्हणाला, "बाबा, आज खंडेनवमी आहे का?" मी म्हणालो, या वेळी भरलेलं आहे. तो पुढे आला. त्याचा विश्वासच बसला नाही. वर भिंतीवर नेम धरून एक गोळी उडवावी, म्हणजे तो जाईल, एवढेच त्या वेळी मनात आले. त्याला मारण्याचा हेतू होता का, असे विचारण्यात आले. नव्हता. असता तर बरे झाले असते असे आता वाटते, हेही लिहावे. हवालदारसाहेबांनी हे लिहू का असे दोनदा विचारले. मी हो म्हणालो.

तेवढ्यात कादंबरी आतून धावत आली. "बाबा नको, तुम्ही आत जाल," असे म्हणून तिने माझा दंड धरला. तिच्या हाताला मेथीचा वास होता. मी घोडा दाबला. आवाज झाला तो गोळीचा नव्हता. चक्र एका बाजूने फुटून उघडले. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठा राहील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. लोखंडाचा तुकडा मुलीच्या डोळ्यात गेला. केयूरला ओरखडाही नाही.

केयूरने तिला उचलले. मी दारात होतो. मला त्याला म्हणायचे होते, हात लावू नकोस. पण गाडी त्याची होती, आणि तिच्या डोळ्यातून रक्त जात होते. मी बाजूला झालो. ज्या दारातून तिला नेऊ द्यायचे नाही म्हणून एवढे केले, त्या दारातून तिला नेण्यासाठी वाट मीच करून दिली.

रुग्णालयात ऑपरेशनच्या संमतीवर सही त्याने केली. नाते : पती. ते खरेच आहे, कायदेशीर फारकत झालेली नाही. आत एकाच नातेवाइकाला सोडतात व त्याचा पास असतो. तो पास केयूरकडे आहे. तो रात्रंदिवस तिथेच असतो, डबा आणतो, नर्स त्याचे कौतुक करतात. पद्मजा बाहेरच्या बाकावर बसते. जखमी डोळा हलू नये म्हणून कादंबरीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. एकदा त्याला औषधाच्या दुकानात पाठवले तेव्हा पद्मजाला थोडा वेळ आत सोडले. मुलीने तिचा हात चाचपला, बांगड्या चाचपल्या, व मग म्हणाली, "आई, तो कुठे उभा आहे ते सांगत जा." डोळा वाचणार नाही असे नंतर कळले.

केयूरने माझ्याविरुद्ध दिलेली फिर्याद मला वाचून दाखवली. त्यात लिहिलेले सर्व खरे आहे. तिला रुग्णालयातून तोच सोडवून आणणार असून घरीही तोच नेणार आहे, असे त्यात शेवटी आहे. हत्यार व उरलेली काडतुसे जप्त झाली, परवाना रद्द होईल, मला अटक होईल, याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी एक विनंती आहे. रुग्णालयाचा तो पास पद्मजा दीनानाथ खरवंडीकर हिच्या नावे करून मिळावा. हे काम ठाण्याच्या अखत्यारीत येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. बोटांमुळे मला अर्ज लिहिता येत नाही. म्हणून तोच मजकूर या जबाबात घेतला आहे. हा जबाब म्हणजेच अर्ज समजावा.

हा जबाब मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, काही गाळावे असे नाही. सही करता येत नसल्याने,

निशाणी डावा अंगठा