मुलाकडचा माणूस

वऱ्हाड दोन बसमध्ये मावत नाही म्हणून रडताय, तर माझं ऐका. शहाऐंशी साली मी अंबरनाथला कारखान्यात होतो, मागेपुढे कुणी नाही. लग्न ठरवायला सुधा आणि मी खरवईच्या एका आमराईत जाऊन बसलो.

"तुझ्याकडून कोण कोण येणार?" सुधानं विचारलं.

"मी."

ती हसली. मी हसलो नाही.

तेवढ्यात वॉचमन आला. "ए, जोडीनं बसायचं नाय इथं. घरातलं मोठं माणूस आहे का बरोबर?"

"मला कुणीच नाही हो, काका."

त्यानं हातातली काठी झाडाला टेकवली. मग आमच्या मधोमध बसला आणि सुधाला म्हणाला, "मुलाकडून मी. बोला."

मांडवात माझ्या बाजूच्या खुर्च्यांवर एकटा तोच होता. तोही ड्युटी बदलून आलेला.