सगळ्यांत मोठ्यानं आमेन

…छे हो पाळकसाहेब, भांडण कसलं? बसा, चहा घ्या. आमच्या मंडळीत कुणी भांडत नाही — आम्ही प्रार्थना करतो. आता तुम्ही नवीन, तुमचे कान कुणीतरी भरले असणार — आपला सेक्रेटरी शरच्चंद्रच, दुसरं कोण — की प्रेमलाबाई उपासना चालवायचं काही सोडत नाहीत. मी कशाला धरून ठेवू? चर्चमध्ये पंधरा डोकी होती तेव्हापासून चालवतेय, एवढंच. आता हिंजवडीत कंपन्या आल्या, तरुण मुलं आली, अंगणात खुर्च्या टाकाव्या लागतात — आनंदच आहे की. त्यांतलीच ती निकिता, गिटारवाली. गुणी मुलगी. वेळेवर तेवढी येत नाही. पण तोंडावर कधी बोलले का मी तिला? मुळीच नाही. डोळे मिटले, हात जोडले नि सगळ्यांसमोर म्हटलं, प्रभू, निकिताला रविवारी लवकर जाग येऊ दे. मंडळी म्हणाली आमेन — म्हणायचंच असतं, प्रार्थनेला नाही कोण म्हणणार? पुढच्या रविवारी तिनं मागितलं, वडीलधाऱ्यांना मोठं मन दे. आमेन. मी म्हटलं, तरुणांना नम्रता दे. आमेन. उणा शब्द नाही कुणाचा.

आणि परवाच्या रविवारी — आवाज काय गोड लावला होता — म्हणाली, प्रभू, प्रेमलाकाकूंनी पुष्कळ सेवा केली, आता त्यांना विश्रांती दे आणि हा भार वाटून घ्यायला आम्हाला पुढे कर. सगळे म्हणाले आमेन. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण म्हणालं? मी. अहो, जन्माची सवय, तोंडातून निघूनच गेलं. डोळे उघडते तो शरच्चंद्र मान डोलावतोय, ठराव पास झाल्यासारखा.

म्हणूनच आलात ना? दोघींनी आळीपाळीनं चालवावी, असंच ना? वाईट नाही हो. तिचं ते नवं गाणं — भाजी चिरताना मीच गुणगुणत असते — हे तिला सांगू नका. पण तिची पाळी असेल त्या रविवारी मी कुठं बसू? बाकीचे सहा दिवस मला कोण विचारतं? — जाऊ दे. बघते. कळवते.

निघालात? मग डोळे का मिटताय? जाण्यापूर्वी प्रार्थना? नको. नको पाळकसाहेब. तुम्ही काय मागाल नेम नाही, आणि मी आमेन म्हणून बसेन. चपला तिकडे आहेत.